शेवटची आठ पानं

भाचीने पुस्तक टेबलावर आपटलं आणि कपातला चहा हिंदकळून बशीत सांडला.

“तीन वर्षं! तीन वर्षं वाट बघायला लावली या बाईने, आणि हा असला शेवट? पैसे परत मागणार आहे मी.”

मावशी ओट्याशी भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “पुस्तकावर राग असेल तर पुस्तकावर काढ. कपबशीने काय घोडं मारलंय तुझं?”

“तू वाचलंस ना? खरं सांग, तुला राग नाही आला?”

“राग कशाचा? उलट मला तर तिन्ही भागांत तोच शेवट सगळ्यात आवडला.”

“दिवेकरीण मेली तो शेवट?”

सुरी थांबली. “कोण मेलं?”

मावशींचा धंदाच पुस्तकांचा, पण लिहिण्याचा नाही आणि विकण्याचाही नाही. पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात त्या एकतीस वर्षं होत्या. पहिली वीस वर्षं फर्मे जुळवले. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. असे फर्मे लांब टेबलावर ओळीने मांडायचे, टेबलाच्या कडेने चालत एकेक उचलायचा, शेवटाला पोहोचलं की हातात एक पुस्तक. वीस वर्षांत मावशी त्या टेबलाच्या कडेने किती चालल्या असतील, देव जाणे. भाची म्हणायची, मावशी सरळ रेषेत चालली असती तर दुसऱ्या देशात निघाली असती. पुढची अकरा वर्षं त्या तपासणीला बसल्या. बांधून झालेली प्रत्येक प्रत त्यांच्या हाताखालून जायची. पानं उलटी लागली नाहीत ना, एखादा फर्मा दोनदा पडला नाही ना, सगळं बघून मागच्या पुठ्ठ्याला आतून लावलेल्या अस्तराच्या कागदावर, खालच्या कोपऱ्यात, निळ्या पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण करायची. वाचणाऱ्याला ती दिसतही नसे. कारखान्यात मात्र ती खूण म्हणजे शेवटचा शब्द. ती असली की गठ्ठा बांधायचा, नसली की प्रत परत.

मावशी डावखुऱ्या. त्यामुळे त्यांच्या खुणेचा लांब दांडा उजवीकडे न जाता डावीकडे झुकायचा. नव्याने आलेल्या माणसाला वाटे, बाईंनी घाईत वाकडी खूण केली. घाई हा शब्द मावशींच्या गावी नव्हता.

कारखान्यात सगळेच त्यांना मावशी म्हणत. खरी भाची एकच. बहीण गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता ती तिशीची झाली होती आणि एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त तपासायची. “माझ्या घरात दोघीही तपासनीस,” मावशी म्हणायच्या, “म्हणून तर घरात कुणाचं काही खपत नाही.”

धुक्याच्या राज्यातल्या दिवेकरणीची आणि तिच्या भावाची ती तीन भागांची कादंबरी दोघींनी मिळूनच वाचली होती. मावशी वाचायच्या कारखान्यात, दुपारच्या सुट्टीत, डाग पडून बाजूला काढलेल्या कागदांवरून. भाची वाचायची बाजारात पुस्तक आल्यावर. मधल्या दिवसांत मावशींनी ‘ब्र’ काढायचा नाही, हा घरातला कडक कायदा होता.

“मेली म्हणजे काय,” भाची म्हणाली, “ती बुरुजात जाते, आपला आवाज धुक्याला देऊन टाकते, दार बंद होतं आणि खेळ खलास! भाऊ दाराबाहेर पडून आहे दगडासारखा. ज्याच्यासाठी हजार पानं पायपीट केली, तो उठला की नाही तेसुद्धा सांगत नाही बया.”

“अगं, उठतो की! तीन दिवस दारावर बसून तिला हाका मारतो. घसा बसतो त्याचा. मग दार उघडतं, आणि पहिलं काय बोलतो, तर, ‘दिव्यात तेल कुणी भरायचं ठरलं होतं?’ तिला आवाज नाही, म्हणून ती हातवारे करून भांडते. दोघं पायरीवर बसून भांडत राहतात आणि उजाडतं.”

भाची मावशींकडे बघतच राहिली. “मावशी, तुला ताप आहे का?”

“ताप तुला असेल.”

“थांब, तू पण त्यातलीच निघालीस.” भाचीने फोन काढला. वाचकांचा एक गट होता, त्यात तीही होती. “पंधरा दिवस हेच चाललंय इथे. ऐक. ‘शेवट फार गोड झाला, दोघांना घरी पोचवायची काय गरज होती?’ त्याखाली दुसरी, ‘गोड? मी दोन दिवस जेवले नाही! तुम्ही पुस्तक वाचलंत की स्वप्न बघितलंत?’ त्याखाली हा मुख्याध्यापक, निवृत्त झालाय पण तासावर आहे अजून. ‘बंद दारातच खरा अर्थ आहे. ज्यांना भाऊ उठल्यासारखा वाटला, ते वाचक अजून बाल्यावस्थेत आहेत.’ त्यावरून शंभर शिव्या. कुणी लेखिकेला डोक्यावर घेतंय, कुणी जोड्याने मारायच्या गोष्टी करतंय.”

मावशींनी हात पुसले आणि पुस्तक उचललं. उघडलं नाही. नुसतं बोटांच्या चिमटीत धरलं, जशी एखादी बाई कापड धरून पोत बघते. मग शेवटचं पान काढलं. तीनशे अडुसष्ट.

तेवीस फर्म्यांची तीनशे अडुसष्ट पानं, आणि त्यावर आठ पानांचा अर्धा फर्मा. एकूण तीनशे शहात्तर. हे त्यांना आपल्या वयाइतकं पाठ होतं. अर्धा फर्मा या प्रतीत नव्हताच. आणि तेविसावा फर्मा नेमका प्रकरणाच्या शेवटच्या ओळीवर संपत होता: दार बंद झालं, आणि धुक्याने आपला हात मागे घेतला. खाली कोरी जागा. कुणाला शंका येणार?

एक फर्मा राहून जाणं हा बांधणीतला साधा अपघात. पण तो तपासणीत सापडतोच. मावशींनी अस्तर उलटलं. खालच्या कोपऱ्यात निळी खूण होती, ठसठशीत. तिचा दांडा उजवीकडे झुकलेला होता.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मावशी? अगं काय झालं?”

“भाजी तू टाक,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुस्तक पिशवीत घालून पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कारखान्यात गेल्या. मुकादम नुकताच यंत्राचं झाकण काढत होता. मावशींनी पुस्तक त्याच्या पुढ्यात उघडून धरलं.

“ही खूण कुणाची?”

“तुमचीच की.”

“माझी? मी कुठल्या हाताने लिहिते?”

मुकादमाने खूण पाहिली, मावशींचा डावा हात पाहिला, आणि त्याचा चेहरा पडला. अकरा वर्षं तो त्यांच्या शेजारी बसून डबा खात होता, आणि खुणेची नक्कल करताना नेमकं तेवढंच विसरला होता.

“मावशी, मला विचारू नका. मालकांना विचारा.”

“मालकांनाही विचारते. पेन्सिल कुणी धरली ते आधी तू सांग.”

“तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होता ना, तेव्हा.” तो यंत्राकडे बघून बोलत होता. “गोदामात पाइप फुटला. शेवटच्या अर्ध्या फर्म्याचे सहाशे प्रतींचे कागद भिजून लगदा झाले. पुन्हा छापून यायला चार दिवस. प्रकाशनाची तारीख ठरलेली. मालक म्हणाले, गोष्ट तिथेच संपतेय, लावून टाक.”

“आणि तू लावलंस.”

“माझ्याकडे काय मार्ग होता?”

“हात थरथरला, असं तरी सांग रे!” मावशी ओरडल्या. घडीच्या यंत्रावरच्या दोघी पोरी दचकून उभ्या राहिल्या. “खूण माझी काढलीस. स्वतःची का नाही काढलीस? म्हणजे पाप तुमचं आणि बोट माझं!”

मालकांची खोली वरच्या मजल्यावर, काचेची. तिथून सगळं दिसतं, ऐकू मात्र काही येत नाही, असा मालकांचा समज होता. मावशी आत गेल्या तेव्हा ते फोनवर हसत होते. फोन ठेवून ते म्हणाले, “या मावशी, डोळा काय म्हणतोय?”

“सगळं स्वच्छ दिसतंय. म्हणून तर आले.” पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. “सहाशे प्रती परत मागवा.”

मालकांनी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. “मावशी, बसा. दुसऱ्या छपाईचं काम आलंय, माहितीये? लोक भांडतायत म्हणून खप वाढलाय. याला शेवट आवडला, त्याला नाही आवडला. पुस्तकाचं याहून भलं काय व्हायचं?”

“लेखिकेला माहीत आहे?”

“त्यांनी विचारलं नाही.”

“त्यांना कसं सुचेल विचारायचं? आपल्या पुस्तकाचं डोकं शाबूत आहे का, असं कोण विचारतं?”

“डोकं नाही हो, शेपूट,” मालक हसले. मावशी हसल्या नाहीत. तेव्हा मालकही गंभीर झाले. “हे बघा. चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. मी छानसा निरोप समारंभ ठरवलाय. हे कशाला उकरून काढता? आणि एक लक्षात घ्या. प्रत्येक प्रतीवर खूण तुमची आहे. उद्या बोभाटा झाला तर लोक मला विचारणार नाहीत. विचारतील, तपासणीला कोण होतं? एकतीस वर्षांचं नाव एका दिवसात जाईल. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय.”

मावशी कठडा धरून जिना उतरल्या. मालकांची भीती नव्हती वाटत. पण एकतीस वर्षांत त्यांनी कमावलेली एकच गोष्ट ती बोटभर निळी रेघ होती, आणि तीच या माणसाने त्यांच्या गळ्याला लावली होती. गप्प बसलं तर खूण खोटी, बोललं तर खूण खोटी असल्याचं त्यांनीच जगाला सांगायचं. त्या दिवशी त्यांनी दोनशे दहा प्रती तपासल्या आणि एकीवरही खूण केली नाही. गठ्ठे अडून राहिले. मुकादमाने ते उचलून भिंतीला लावून ठेवले.

घरी आल्यावर त्यांनी भाचीला सगळं सांगितलं. भाची आधी हसली, कारण पंधरा दिवस ज्यांची अक्कल काढली त्या सगळ्यांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढे आले. मग मावशींचं तोंड बघून थांबली.

“रविवारी वाचनालयात चर्चा आहे या पुस्तकावर,” ती म्हणाली. “लेखिका येणार आहे. आजच लिहू का गटावर?”

“फोनवर नको. फोनवर माझी खूण कशी दाखवू?”

वाचनालयाचा हॉल म्हणजे मासिकांची खोली. टेबलं भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. साठेक माणसं असतील. लेखिका पुढे कोपऱ्यात बसली होती, पन्नाशीची, बारीक, चष्मा सारखा पुसणारी. जमिनीचे नकाशे काढायची नोकरी करून तिने हे तीन भाग लिहिले होते. आलेल्या पत्रांचा गठ्ठा तिच्या मांडीवर होता, आणि तो तिने पोटाशी असा धरला होता की जणू मार चुकवायचाय.

एक तरणी बाई उठून म्हणाली, “तुम्ही आम्हाला फसवलंत. एवढं चालवून आणलंत आणि दार तोंडावर लावलंत.”

तिच्या मागचा गृहस्थ म्हणाला, “अहो, दार उघडतं! उगाच उघडतं, तेच तर वाईट आहे. शेवटी तेलावरून भांडण? महाकादंबरी अशी संपवतात?”

“कुठलं तेल?”

“वाचायचं नाही आणि बोलायचं!”

“तुम्हीच वाचलं नाहीये!”

मुख्याध्यापक उभे राहिले आणि हॉल आपोआप गप्प झाला. अर्धे त्यांचे विद्यार्थी असावेत. “या कृतीचं थोरपण,” ते म्हणाले, “शेवट न सांगण्याच्या धाडसात आहे.”

लेखिकेने चष्मा लावला. “पण सर, मी शेवट सांगितलाय.”

“बाई, क्षमा करा. आपण काय लिहिलंय ते लेखकाला कळतंच असं नाही.”

लोक हसले. लेखिकाही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते, आणि ते मावशींना दिसलं. सगळ्यांना दिसण्यासारखं होतं. कुणी पाहिलं नाही.

मावशी उठल्या. “सर, तुमची प्रत जरा द्या.”

मुख्याध्यापकांनी सभ्यपणे दिली. मावशींनी पुस्तक उलटं धरलं, पुठ्ठ्याच्या आत दोन्ही अंगठे घातले, आणि एका झटक्यात पाठीवरून अख्खं वेष्टण सोलून काढलं. कागद किंचाळल्यासारखा आवाज झाला.

“अहो! अहो, हे काय! वेड लागलंय का?”

“लागलंय. आठवडा झाला.” मावशींनी उघडी पाठ सगळ्यांना दाखवली. शिलाईच्या दोऱ्यांमधून काळे चौकोन तिरके उतरत गेले होते, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. “प्रत्येक सोळा पानांच्या घडीला एक पायरी असते. मधली गळली तर खड्डा दिसतो. शेवटची गळली तर खड्डा दिसत नाही, जिना नुसता लवकर संपतो. मोजा. तेवीस. पाहिजेत चोवीस, शेवटची अर्ध्या घडीची. तुमच्यातल्या काही जणांनी पुस्तकाचा शेवट वाचलेलाच नाही. आठ पानं कमी बांधून तुम्हाला विकली आहेत. आणि तुम्ही पंधरा दिवस एकमेकांना मूर्ख ठरवताय! एकानेही शेजाऱ्याचं पुस्तक हातात घेऊन शेवटच्या पानाचा आकडा बघितला नाही?”

मग एकदम साठ प्रती उलटल्याचा सळसळाट झाला.

“हे पुस्तक बांधणाऱ्या कारखान्यात मी तपासणीला आहे,” मावशी पुढे म्हणाल्या. “प्रत्येक कमी प्रतीवर माझी खूण आहे. ती मी केलेली नाही. माझी डावीकडे झुकते, ही उजवीकडे. पटलं तर माना, नाही पटलं तर माझ्या नावाने बोंब मारा. पण या बाईंच्या नावाने मारू नका.”

लेखिका जागेवरून उठली, मावशींच्या हातातलं ते सोललेलं पुस्तक घेतलं, शेवटचं पान पाहिलं. मग आपल्या पिशवीतली स्वतःची प्रत काढून ती आठ पानं तिने वाचून दाखवली. तेलाच्या वाक्याला तरणी बाई रडायला लागली. मागचा गृहस्थ कुरकुरला, “अजूनही मला ते वाईटच वाटतं,” आणि लेखिका त्याच्याकडे बघून मनापासून हसली, कारण तो निदान तिने लिहिलेल्या गोष्टीला वाईट म्हणत होता.

वाचन संपल्यावर मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. “खरं सांगायचं, तर माझ्या प्रतीतला शेवट जास्त श्रेष्ठ होता.”

चार-पाच माना डोलल्या. तेव्हा मावशींचा उरलासुरला तोल गेला.

“तो शेवट नव्हता हो! पाइप फुटला होता! गोदामातल्या पाण्याला श्रेष्ठ म्हणताय तुम्ही! नावं ठेवा, हजार ठेवा, फाडून फेका, पण आधी जेवढं लिहिलंय तेवढं वाचा!”

सोमवारी मालकांनी मावशींना दारातूनच परत पाठवलं. निरोप समारंभ झाला नाही. मुकादम त्यांचा डबा आणि चष्म्याची पेटी देऊन गेला. दारात उभ्याने त्याने चपला काढल्या, पुन्हा घातल्या. मावशींनी त्याला आत ये म्हटलं नाही. प्रकाशकाने मात्र मालकांना खडसावून ती आठ पानं पुन्हा छापून घेतली, आणि ती जोडायचं काम कुणाकडे द्यायचं असं विचारल्यावर लेखिकेने मावशींचा पत्ता दिला.

आता त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सुई, दोरा आणि खळीचं भांडं असतं. लोक प्रती घेऊन येतात. मावशी पुठ्ठा सोडवतात, आठ पानांची घडी शेवटच्या फर्म्याला टाके घालून जोडतात, खळ लावून पुठ्ठा परत बसवतात आणि वर वजन ठेवतात. वजन म्हणजे भाचीचे जाड शब्दकोश. ती कुरकुरते, “मी जेवू कुठे?” मावशी म्हणतात, “उभ्याने जेव, वाढ खुंटली नसेल तर वाढशील.” सहाशेपैकी एकशे नव्वद आल्या. बाकीच्या कुठल्या फडताळात अर्ध्याच पडून असतील, आणि कुणीतरी त्या वाचून लेखिकेला शिव्या देत असेल, हे आठवलं की मावशींचा टाका घट्ट बसतो.

महिन्याभराने मुख्याध्यापक आले. सोललेली प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती.

“फक्त पुठ्ठा लावून द्या,” ते म्हणाले. “ती पानं नकोत. मला हे असंच आवडलंय.”

“बसा,” मावशी म्हणाल्या. सुईत दोरा ओवला. आठ पानं घेतली, टाके घातले, खळ लावली, पुठ्ठा बसवला. मुख्याध्यापक दोनदा खाकरले.

“मी नको म्हटलं होतं.”

“ऐकलं. पुरं पुस्तक विकत घेतलंत, पुरं घरी न्या. नको असतील तर घरी जाऊन स्वतःच्या हाताने फाडा. माझ्या हातून कमी प्रत जाणार नाही.”

मग त्यांनी अस्तर उघडलं, कोपऱ्यातली ती उजवीकडे झुकलेली खूण रबराने खोडून काढली, डाव्या हातात निळी पेन्सिल घेतली, आणि आपली केली.